पोर्तुगीज प्रजा, वंश मराठा

आत्याचं लग्न माझ्यामुळे मोडलं. हे गेल्या महिन्यापर्यंत मी कुणाला बोलले नव्हते, आत्याला तर नाहीच.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. म्हैसुरातल्या चामराजपुरमच्या घरी तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी पी.यू.सी.ला, सोळा-सतरा वर्षांची होते. मुलाची बहीण माझ्याच वर्गातली. मुलाच्या आईची नजर आत्याच्या घाऱ्या डोळ्यांवरून हलेना. "आमच्यात असे डोळे नसतात हो," त्या म्हणाल्या. आजोबांनी लगेच आपल्या पणजोबांचा कागद काढला. ते म्हैसूरच्या घोडदळातून सुटले तेव्हाचा, इंग्रजी. घरात इंग्रजी वाचणारी मीच.

मी वाचलं, "नॅशनॅलिटी: पोर्तुगीज."

"पोर्तुगीज? म्हणजे किरिस्ताव?"

"अय्यो, मराठेच हो आम्ही! गोव्याकडचे," आजोबा म्हणत राहिले. पण छापील कागदापुढे त्यांचं कोण ऐकतं?

खालच्या ओळीत 'रेस: मराठा' होतं. दिसलं होतं मला. गोव्यात राज्य पोर्तुगीजांचं, म्हणून हा माणूस त्यांची प्रजा, वंशाने मराठाच. एवढं कळण्याइतकी मी शहाणी होते. पण डोळे माझेही घारे, आणि आमचा मूळपुरुष गोरा साहेब होता, असं मी वर्गात सांगून ठेवलेलं. ती बहीण समोरच बसली होती. मी कागदाची घडी घातली.

'फिरंग्यांचं घर' हे नाव मग गल्लीभर झालं. आत्याला पुन्हा कुणी बघायला आलं नाही. माझं ठरताना मात्र मी तोच कागद होणाऱ्या नवऱ्याला गुपचूप दाखवला, दोन्ही ओळींवर बोट ठेवून.

गेल्या महिन्यात घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आणि त्या पणजोबांपाशी हात अडला. गावातल्याच विजयनगरमधल्या माझ्या घरून तशीच उठून आत्याकडे गेले. सगळं सांगितलं. ती अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. थांबली नाही.

"तेव्हाच दिसलं होतं तुला?"

"हो."

"मला वाटायचं, तुला तेवढं इंग्रजी येत नसेल. लहानच होतीस ना, अल्वा?"

मीही एक शेंग सोलायला उचलली.

"वंशावळीत माझ्यापुढे काय लिहिलंयस?"

"अविवाहित."

"मग कारणही लिही की. तुझ्या नावानिशी."

चारदा लिहिलं. दर वेळी 'चुकून' हा शब्द आपसूक येतो आणि मी कागद फाडते.