रिकाम्या स्पीकरची सळसळ

बाळांनो, तुम्ही पाठवलेला स्पीकर परवा पोचला. गाणे थांबले की त्यातून काहीच येत नाही. चालू आहे की बंद, तेही कळत नाही. त्या शांततेने मला आमच्या साउंडवाल्या मिस्त्रींची आठवण झाली. त्यांना ओळखणारी या घरात आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहून ठेवते.

कुणाचाही टेप दुरुस्त केला, तरी मिस्त्री आधी गाणे लावू देत नसत. आवाजाचे बटण पूर्ण फिरवायचे, डोळे मिटायचे आणि बोट वर करून म्हणायचे, "पयले रिकामं ऐका, बाई."

रिकाम्या स्पीकरमधून बारीक सळसळ यायची, सागाच्या वाळल्या पानांतून वारा जावा तशी. ती मिस्त्रींची वैरीण. हिवाळाभर ते गडचिरोलीकडच्या गावांत नाटक मंडळीचा साउंड सांभाळत. नायिका मरताना हळू बोलते, नेमकी तिथे सळसळ मध्ये आली की त्यांना स्वतःचाच अपमान वाटे. "बाई मरून राह्यली अन् माहा डब्बा फुसफुस करून राह्यला!" साफ आवाजासाठी मंडळी त्यांनाच बोलावत. ते कान हीच त्यांची भाकरी होती.

दोष चंद्रपूरच्या उन्हाचा, असे त्यांचे ठाम मत. मे महिन्यात ते आपला डबा, म्हणजे ॲम्प्लिफायर, माठाशेजारी, ओल्या गोणपाटावर ठेवत. "माणूस उन्हानं हाशहुश करते, रेझिस्टर नाई करन काय?"

मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. त्यांचे अर्धे खरेच होते. रेझिस्टर म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग; त्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत थरथरतात. तीच थरथर मोठी होऊन सळसळ होते. मी हिशोब मांडून दाखवला. पण त्यात तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, धरतात आणि शेवटी वर्गमूळ काढतात, त्यामुळे आपल्या मे आणि डिसेंबरमध्ये फरक अगदी थोडा पडतो. "माठ राहू द्या, मिस्त्रीभाऊ. सुरुवातीचे रेझिस्टर कमी ओहमचे घाला, रोध कमी की सळसळ कमी."

"म्हंजे गोणपाट फुकटच भिजवला?" ते म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात तरीही भिजवलाच.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी ते नवा डबा घेऊन आले. सगळे रेझिस्टर बदललेले. बटण पूर्ण फिरवले, डोळे मिटले.

"गेली!" त्यांचा चेहरा उजळला. "काईच नाई, बाई. साफ!"

मला सळसळ ऐकू येत होती. पूर्वीपेक्षा मंद, पण स्पष्ट.

"अहो, येतेय की," तुमचे आजोबा खाटेवरून म्हणाले.

"भाऊ, तुमचे कान वाजून राह्यले." मिस्त्री हसले आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या हिशोबानं किती उरते?"

मी आकडे मांडले. सळसळ पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शावर आली होती. पण शून्य नव्हे. बटण पूर्ण फिरवल्यावर ती ऐकू यायलाच हवी होती. मी तसे सांगितले.

त्यांनी डबा बंद केला, पुन्हा चालू केला. स्पीकरला कान लावला. मग कान काढून त्यांनी नुसतेच बटण चालू-बंद केले, आणि दर वेळी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले.

"भाऊले येते, तुमाले येते, गणितालेबी येते," ते हळूच म्हणाले. "मलेच काऊन नाई?"

आयुष्यभर भोंग्यांच्या पुढ्यात बसून गेलेले ते कान. मी चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही. जाताना डबा उचललाही नाही. "इथीच राहू द्या. ऐकनाऱ्याच्या घरी असावा."

त्या हिवाळ्यात नाटक मंडळीबरोबर दुसराच माणूस गेला. मिस्त्री पंखे आणि मिक्सर दुरुस्त करू लागले. रस्त्यात भेटले तर मान हलवत, पण बोट कधी वर केले नाही. पुढे त्यांचे दुरुस्तीचे दुकानही बंद झाले आणि एका पावसाळ्यात ते गेल्याचे कळले.

डबा माझ्या कपाटावर आहे. आज सकाळी लावून पाहिला. चालतो, आणि बटण पूर्ण फिरवले की सळसळ येते.