विमानाला वाहिलेल्या अक्षता

मुलुंडच्या आमच्या घरात एक पायलट राहतो. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि खऱ्या विमानात बसायची वेळ आली की कानात कापूस घालणारा. हा पायलट म्हणजे आमचे हे. कारखान्यात जन्मभर नकाशे काढले, त्यामुळे मिलिमीटरवर जीव. निवृत्तीनंतर नातीने कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ टाकून दिला आणि माझं शिवणयंत्र बाल्कनीत गेलं. त्याच्या जागी आता विमानाचं स्टीअरिंग आहे आणि बाजूला थ्रॉटल, म्हणजे दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करायचे दोन दांडे.

खेळ म्हटलेलं मात्र ह्यांना चालत नाही. ‘सिम्युलेटर’ म्हणायचं. दिल्लीला जायचं तर खरोखर दोन तास बसायचं, पांढरा शर्ट घालून. मोबाइल फ्लाइट मोडवर. मी चहा नेला की मान न वळवता ‘थँक यू’. आणि विमान दहा हजार फुटांखाली आलं की कॉकपिटमध्ये फालतू बोलायचं नाही, असा म्हणे जगभरचा नियम आहे.

“अहो, वांगं करू की भेंडी?”

“अगं, दहा हजाराच्या खाली आहे मी!”

मी गप्प बसते. कुकर बसत नाही.

हे बाजारात गेले की मी खुर्चीत बसते. माझी पद्धत वेगळी. मला नियम नकोत, मला मजा पाहिजे. मी विमान मनोरीच्या वाळूत उतरवते, पुलाखालून काढते, आपटलं तर परत चालू करते. वर्सोव्यावरून एकदा इतकी खाली गेले की होड्यांच्या काठ्या दिसल्या. ह्यांना म्हटलं, “तुमचं ते खरंखुरं वगैरे सगळं ठीक आहे, पण वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाही तर ते कसलं वर्सोवा?” ह्यांना तो मुद्दा पटला, हेच मला जास्त काळजीचं वाटलं.

आता हसू येतं, कारण ह्याच बाईने तरुणपणी व्हिडिओ गेमविरुद्ध मोर्चा काढला होता. गल्लीच्या तोंडाशी एक गेम पार्लर निघालं होतं आणि आमचा मुलगा शाळा सुटली की तिथे पडीक. मी तेव्हा पस्तिशीची, कपाळावर रुपयाएवढी टिकली, आवाज मंडळाच्या लाउडस्पीकरचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाषण ठोकलं: “आज पडद्यावर गाड्या आपटतायत, उद्या रस्त्यावर आपटतील!” चार बायका घेऊन दुकानात शिरले. मालक बिचारा म्हणाला, “ताई, एकदा चालवून तर बघा.” मी म्हटलं, बघतेच, पुरावा मिळेल. गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला धडकली. मग म्हटलं, एक चान्स परत. मग अजून एक. शेवटी बायकांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. “आतून पाहणी केली,” असं मी तोंड वर करून सांगितलं. तोच मुलगा आज इतकी हळू गाडी चालवतो की मागच्या रिक्षा हॉर्न वाजवून थकतात. माझ्या भाषणाची वाट लागली ती अशी.

तर, ह्यांचा एक ग्रुप आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, कुठून कुठून मंडळी घरबसल्या एकमेकांबरोबर विमानं उडवतात. त्यातही हुद्दे असतात. आमचे हे दोन वर्षं को-पायलट. नातवंडांच्या वयाची पोरं कॅप्टन, आणि हे त्यांच्या शेजारी बसून तपासणीची यादी वाचणार. कॅप्टन व्हायचं तर परीक्षेचं उड्डाण द्यावं लागतं, सगळ्या ग्रुपसमोर. नापास झालात तर पुढची संधी थेट पुढच्या पावसाळ्यानंतर. ह्यांनी सकाळच्या फिरायच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलेलं, आणि ती मंडळी “काय कॅप्टन!” म्हणून चिडवायला लागलेली. आता माघार नव्हती. परीक्षेसाठी ह्यांनी दसऱ्याची संध्याकाळ निवडली. सगळं शास्त्रशुद्ध, पण मुहूर्त साडेतीनांतलाच हवा!

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजायची रीत. माझ्या सासूबाई कोकणातल्या, त्या कोयता नि विळी पुजायच्या. मी विळी, शिवणयंत्र आणि स्कूटर पुजते. ह्या वर्षी वाटलं, ज्याच्यावर घरधन्याची अब्रू टांगलेली आहे ते हत्यार कसं सोडायचं? हे आंघोळीला गेले तेव्हा थ्रॉटलला गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि कुंकवाच्या अक्षता वाहिल्या. सढळ हाताने. माणूस पास व्हायला हवा ना.

हे बाहेर आले, म्हणाले, “अगं, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ती!” पण फूल काढून नमस्कार केलाच.

परीक्षा घेणारी बोरिवलीची एक मुलगी. दिवसा दवाखान्यात लोकांचे दात काढते, सुटीला विमानं उतरवते. परीक्षेत ती न सांगता एखादा बिघाड टाकू शकते, हे ह्यांना ठाऊक होतं. हेडफोन कानाला टोचतो म्हणून ह्यांनी स्पीकर लावलेला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. नागपूरहून मुंबईला यायला निघाले. मी पलंगावर आपट्याची पानं निवडत प्रवासी म्हणून बसले. सगळं झकास. घाटकोपरच्या टेकड्या समोर आल्या, जोर कमी करायला ह्यांनी दांडे मागे ओढले. डावा आला. उजवा हलेना.

विमान एका बाजूला ओढ घ्यायला लागलं. ह्यांचे कान लाल.

“उजवं इंजिन ऐकत नाहीये,” हे म्हणाले.

पलीकडून काही नाही. परीक्षक कशाला बोलेल? ह्यांनी ते इंजिनच बंद केलं, पाय रोवले, आणि राहिलेल्या एका इंजिनावर विमान धावपट्टीवर आणलं. आणलं म्हणजे आदळलं; पण चाकांवर आदळलं, सरळ आदळलं, आणि थांबलं. ह्यांच्या शर्टाची पाठ ओली.

“काका, कडक!” मुलगी ओरडली. “पण एक सांगू? मी फेल्युअर टाकलंच नव्हतं.”

ह्यांनी थ्रॉटल उलटं केलं. माझा भुवयांचा चिमटा मागितला. खाचेतून लालबुंद तांदळाचा दाणा निघाला.

“ती माझी अक्षता,” मी माइकमध्ये वाकून म्हटलं. लपवून करायचंय काय, घरात दुसरी पूजा करणारी नव्हतीच.

झालं. घाटकोपरचे एक गृहस्थ होते, ग्रुपमधले नियमाचे पक्के. ते म्हणाले, “हे धरता येणार नाही. हा टेबलावरचा बिघाड आहे, विमानातला नाही. विमानात तांदूळ नसतो, वहिनी.”

“आणि पक्षी असतो?” मी म्हटलं. “इंजिनात पक्षी घुसतो तो काय अर्ज करून घुसतो? पक्षी चालतो आणि तांदूळ चालत नाही?”

“पक्षी खरा असतो.”

“तुमचा पक्षी कॉम्प्युटरमधला. माझा तांदूळ रेशनवरचा. खरा कुठला, तुम्हीच सांगा!”

कोणीतरी फुस्सकन हसलं. आणि आमचे हे, ज्यांच्यासाठी मी भांडत होते, ते म्हणाले, “त्यांचं बरोबर आहे. नियमात बसत नाही. मी पुढच्या पावसाळ्यानंतर देतो.”

मला असा संताप आला! “अहो, तुम्ही गप्प बसा. दहा हजार फुटांखाली आहात असं समजा.”

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “काका, एकच विचारते. दांडा अडकला तेव्हा काय वाटलं?”

हे चिमट्यातल्या दाण्याकडे बघत म्हणाले, “दोन वर्षं उडवतोय. आज पहिल्यांदा वाटलं, मागे माणसं बसली आहेत.”

घाटकोपरचे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, “उतरवलं फार जोरात. मागच्यांच्या पाठी मोडल्या असत्या. तेवढं नोंदवा.”

“नोंदवते,” मुलगी म्हणाली. “पास. अभिनंदन, कॅप्टन काका. पण एक अट आहे. अट काकूंसाठी आहे.”

अट अशी, की कॉम्प्युटरमधले बिघाड आता सगळ्यांना पाठ झालेत. कुठला कधी येणार ते आधीच कळतं आणि कोणाला घाम फुटत नाही. तर यापुढे रविवारी कोणाच्या विमानात, कुठे, काय बिघडवायचं ते काकूंनी गुपचूप ठरवून तिला कळवायचं. तांदूळ मात्र वापरायचा नाही.

गेम पार्लरवर मोर्चा नेणारी ती टिकलीवाली बाई हे ऐकून बेशुद्धच पडली असती. मी लगेच हो म्हटलं, मान वगैरे न झुकवता.

उद्या पहिला रविवार, आणि विमान आमच्या कॅप्टनचं. हैदराबादला चाललेत. मी अजून काहीच ठरवलेलं नाही, खरंच नाही. पण हे सकाळपासून दोनदा स्वतःहून चहा करून घेऊन आलेत, शिवणयंत्रावरची धूळ पुसलीय, आणि आत्ता दारात उभं राहून विचारतायत, “अगं, आज वांगं करू की भेंडी?”

मी ऐकू न आल्यासारखं करतेय.