मांद्रे ते शिरगाव, आमच्या घरावरून

आमच्या घरात मला सवत होती. काळी, चौकोनी, कपाळावर हिरवा आकडा पेटणारी. ह्यांनी तिला आतल्या खोलीत जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, मेजावर बसवली होती. रोज दिवेलागणीला, पोदेर भोंगा वाजवत पाव देऊन गेला की, दार लोटून हे तिच्यापुढे जाऊन बसायचे. घरात मूग गिळून बसणारा माणूस, तिथे मात्र तोंडाचा पट्टा सुरू! मी स्वयंपाकघरात तो आवाज ऐकायचे आणि कढई जरा जोरातच आपटायचे.

हे हौशी रेडिओ क्लबचे सभासद होते. क्लब म्हणजे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके मिळून मूठभर माणसं, बहुतेक निवृत्त, सगळी सरकारी परवानेवाली. रोज संध्याकाळी सेटवर हजेरी व्हायची. ती शिरगावचे एक गृहस्थ घ्यायचे, खाणीवर नोकरी करून निवृत्त झालेले. हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं मी विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. ते काही खोटं नव्हतं. जत्रेच्या गर्दीत फोन लागेनासे होतात, तेव्हा चुकलेल्या माणसांची घरच्यांशी गाठ घालून द्यायला क्लबचेच लोक उभे असतात. एकदा वादळात टॉवर बंद पडले, तेव्हा मांद्रेच्या एका म्हाताऱ्याचं इन्सुलिन डिचोलीहून निघालं ते आमच्या आतल्या खोलीतून गेलेल्या निरोपावर. मला अभिमान वाटला होता. पण अभिमान काही जेवताना शेजारी बसून गप्पा मारत नाही.

एकदा दाराआडून ऐकलं, 'पाय सुजलो हा.' मी धावत तेल गरम करून नेलं, तर हे म्हणाले, 'कोणाचो पाय?' दोन्ही पाय ठणठणीत. तेल वाया गेलं म्हणून मी वैतागले आणि विसरून गेले.

दुसरं वाक्य मात्र विसरता आलं नाही. एका संध्याकाळी चहा घेऊन दाराशी गेले, तर आतून ह्यांचा आवाज आला, 'घरात बोलूक माणूस नाय माका.' अगदी स्वच्छ, शब्द सुटे करून. मी तशीच मागे फिरले आणि चहा मोरीत ओतला. पुढचं ऐकायला थांबले नाही. मी चांगली धडधाकट दाराशी उभी, आणि हा माणूस दोन तालुक्यांना सांगतोय की घरात बोलायला माणूस नाही! फार लागलं मला. विचारलं मात्र कधीच नाही. विचारलं आणि हे हो म्हणाले तर? त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं. वाढलंय. वीज गेली. गॅस संपत आलाय. अशीच वर्षं गेली आणि एका दुपारी हे झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर मांद्रेहून क्लबातले एक गृहस्थ आले. समुद्राजवळ घर, दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, बायको जाऊन बराच काळ झालेला. म्हणाले, 'वैनी, परवान्याशिवाय सेट घरात ठेवूक जमाचा नाय. क्लबाक देवचो लागतलो.' मी म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ द्या. जिला जन्मभर शिव्या घातल्या ती सवत नेणार म्हटल्यावर मला रडू आलं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सेट लावला. नुसतं ऐकण्याने कोणाचं काय जातं! शिरगाववाले हाका मारत होते, 'मांद्रे, आवाज येता काय?' आणि मांद्रेवाले हाका मारत होते, 'शिरगाव, आवाज येता काय?' मध्ये डोंगर असल्यामुळे दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. आमचं घर उंच सड्यावर, म्हणून दोन्हीकडचं इथे लख्ख ऐकू येतं. उत्तर येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, तरी रोज हाका मारायचे आणि थांबायचे. ऐकणारी मी एकटी, आणि मला बोलायची मुभा नव्हती.

एके दिवशी उत्तराची वाट बघता बघता मांद्रेवाले स्वतःशीच पुटपुटले, 'पाय परत सुजलो हा.' मी ताठ बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून विचारलं, हे मध्ये बसून नेमकं काय करायचे? ते म्हणाले, 'माझा शिरगावाक, शिरगावाचा माका. जसाच्या तसा. स्वतःचा एक अक्षर नाय.' निरोपाला 'असं ते म्हणतात' हे शेपूटसुद्धा लावायचं नाही, असा ह्यांचा दंडक होता म्हणे.

पाय त्यांचा होता. मग ते वाक्यही? पण विधुर माणसाला हे कोणत्या तोंडाने विचारू? त्यांनी आपणहून म्हटलं तरच कळणार. आणि उत्तर मिळत नसताना माणूस अशी गोष्ट म्हणेल कशाला? उत्तर देणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

म्हणून साठी उलटल्यावर मी परवान्याच्या परीक्षेला बसले. पणजीला केंद्रावर मला कोणाची तरी आई समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मी म्हटलं, आई आहेच, पण पेपर माझा आहे. परवाना आला तेव्हा वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, पण सेट न्यायला अजून कोणी आलं नव्हतं. परवान्यावरच्या सांकेतिक नावात ह्यांचा आकडा दोन, वरच्या परीक्षेचा. माझा तीन. तिथेही एक पायरी खालीच.

पहिल्या संध्याकाळी ह्यांच्या कदेलीवर, त्या जुन्या खुर्चीत, बसून मी शिरगावला सांगितलं, 'मांद्रे हजर.' शिरगाववाले म्हणाले, 'वैनी, बरा झाला.' त्यानंतर रोज माझ्या तोंडून दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. नारळ पाडायला माणूस मिळत नाही, मुलगा यंदाही चतुर्थीला येणार नाही. सगळं 'माका, माका' करत सांगायचं आणि त्यात आपलं काहीच नाही. आमचे हे इथे तरी मन मोकळं करायचे, असं मी समजत होते. हे इथेही गप्पच होते.

आणि एका संध्याकाळी, हवापाण्याचं बोलावं तसं, मांद्रेवाले म्हणाले, 'घरात बोलूक माणूस नाय माका.'

माझा हात बटणावरच राहिला. शिरगाववाले विचारत होते, 'वैनी, मांद्रे काय म्हणता?' मी बटण दाबलं आणि शब्द सुटे करून सांगितलं, 'घरात बोलूक माणूस नाय माका.'

शिरगाववाले हसले. 'मगे मांजर पाळ! कितके वर्सां सांगतंय तुका.'

एवढंच उत्तर होतं. त्या दिवशी चहा हातात धरून मी अर्धं मिनिट थांबले असते, तर ह्यांच्याच तोंडून 'मांजर पाळ' ऐकलं असतं आणि हसत आत गेले असते. मी डोळे पुसले आणि ते मांद्रेला जसंच्या तसं सांगितलं. दार मी लोटलं नव्हतं. बाहेर ऐकायला कोणी नव्हतं.