दादाची फौजदारी

माझा थोरला भाऊ ठाण्याचा फौजदार होता. मी लहान वयात विधवा होऊन त्याच्याकडे आले आणि वहिनी गेल्यावर त्याचं घर मीच सांभाळलं. सणासुदीला आमच्याकडे गावातली मोठी माणसं येत. त्यांच्यात एक शेठ होते. बाळकुमच्या बाजूला त्यांची मिठागरं होती, म्युनिसिपालिटीत ते सभासद होते आणि गावाला दवाखाना त्यांनीच बांधून दिला होता.

एका नवरात्रात उधाणाचं पाणी बांध फोडून त्यांच्या मिठागरात शिरलं. बांधाच्या राखणीला असलेल्या आगरी माणसाला शेठच्या मुलानं दांडक्यानं इतकं मारलं, की तो संध्याकाळपर्यंत जगला नाही. पाण्यात बुडून मेला, असं तिथल्या सगळ्यांनी सांगितलं. त्याची बायको तेवढी म्हणाली, "माझ्या डोल्यांदेखत मारला त्याला."

दादानं तिचा जबाब घेतला आणि शेठच्या मुलाला भर बाजारातून चालवत कचेरीत नेलं.

त्या दिवाळीत एकाही घरून आमच्याकडे फराळाचं ताट आलं नाही. फौजदार उद्धट आहे, त्याला काढा, असा गावकऱ्यांचा अर्ज कलेक्टरकडे गेला. मग दादाचा लहानपणापासूनचा मित्र, कल्याणचा एक वकील, घरी आला. मी आत दूध तापवत होते. सगळं ऐकू येत होतं.

"प्रकृतीचं कारण दाखव आणि मोकळा हो," वकील म्हणाला. "पेन्शन मिळेल, नाव राहील. कलेक्टरसाहेबांनाही तेच हवंय, फक्त ते तोंडानं बोलणार नाहीत."

"मला साधा खोकलासुद्धा नाही रे," दादा म्हणाला.

"मग चौकशी लागेल."

"लागू दे."

दूध तसंच राहिलं. वकील न घेताच गेला.

चौकशी लागली. दादाच्या हाताखाली केस पांढरे झालेल्या हवालदारानंच लिहून दिलं, की फौजदारांनी त्या बाईला धाक घालून जबाब घेतला. दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओटीवर येऊन उभा राहिला. पागोटं हातात, डोळ्यांना धार.

"सही केलीस?" दादानं विचारलं.

"केली, साहेब. पोटी चार पोरं आहेत."

दादानं पागोटं त्याच्या हातातून घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवलं. मग म्हणाला, "घरी जा. पोरं वाट बघत असतील."

त्याच दिवशी त्यानं राजीनामा लिहिला. मी म्हटलं, "अरे, त्या बाईचं काय?" तर म्हणाला, "आज हवालदार, उद्या शिपाई. माझ्यापायी किती जणांना खोटं बोलायला लावू?" मला ते पटलं नाही.

आम्ही कल्याणला बिऱ्हाड हलवत होतो, तेव्हा त्या आगऱ्याची बायको आली. गाडीत सामान चढत होतं. ती दादाला म्हणाली, "तुमी व्हता म्हनून मी बोल्ले. आता तुमीच चाललाव?"

दादा घरात गेला. मी तिच्याजवळ पायरीवर बसले. तिच्या हातांना मिठानं भेगा पडल्या होत्या. मग ती उठली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

पुढे कोर्टात तिनं सांगितलं, मी काही पाहिलं नाही. शेठचा मुलगा सुटला. ही बातमी वकिलानंच कल्याणला येऊन दिली. "बघ, ज्या बाईसाठी तू एवढं केलंस, तीच फिरली."

दादा म्हणाला, "ती नंतर फिरली. आधी मी फिरलो."

तो त्यानंतर काही वर्षं जगला. कल्याणात लोक त्याला फौजदारसाहेब म्हणूनच हाक मारत. सुरुवातीला तो, नका म्हणू, असं म्हणायचा. नंतर तेही सोडलं. नुसता मान खाली घालून पुढे जायचा.