बारावा गडी

शेजारचे डेव्हिड कुठेही बसले तरी खुर्चीच्या कडेवर बसायचे. आमच्याकडे जेवायला आले तरी तसेच. आता कोणी हाक मारील आणि उठावं लागेल, अशा बेतानं. "नीट टेकून बसा की," म्हटलं की म्हणायचे, "पाठीला सवय नाही."

तरुणपणी ते अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळायचे. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, तो त्यांचा फुटबॉल. त्यात डाव रचून चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि डेव्हिड राखीव क्वार्टरबॅक. मुख्य गडी पडला तरच यांना मैदान. माझ्या नवऱ्यानं लगेच बारसं केलं, "म्हणजे आपला बारावा गडी." अर्थ समजावल्यावर ते खूश झाले. "पाणी न्यायचं काम मात्र मला कधी दिलं नाही. तेवढं जमलं असतं."

सरावात ते पुढच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकची नक्कल करायचे, आपल्या संघाला अंदाज यावा म्हणून. "आठवडाभर मी फार चांगला खेळाडू असायचो," ते सांगायचे. "सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर टोपी घालून उभा."

माझं त्यांच्याशी जुळलं, कारण मीही राखीवच. पुण्याहून नवऱ्याच्या व्हिसावर आले, डच शिकले आणि नेदरलँड्समधल्या या झूटरमेर गावाच्या शाळांमध्ये बदली शिक्षिका झाले. सकाळी फोन वाजला की समजायचं, कोणीतरी आजारी आहे. एकदा कुंपणावरून मी त्यांना म्हटलं, "बरं झालं, शाळेतल्या मरैकेचा पाय मोडलाय. उन्हाळ्यापर्यंत काम मिळालं."

त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. "तिला फोन केलास?"

"काम शाळेनं दिलंय, तिनं नाही."

"तरी कर. आजच कर. नंतर जमत नाही."

मी केला. मरैके बराच वेळ बोलत राहिली.

नंतर का जमत नाही, ते त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. मुख्य क्वार्टरबॅक वॉल्टर त्यांचा जिवलग मित्र. त्याचा गुडघा मोडला, स्ट्रेचर शेजारून गेलं, तेव्हा हे हेल्मेटचा पट्टा बांधत होते. "मला आनंद झाला होता," ते म्हणाले. "वाईट वाटायच्या आधी." वॉल्टर पुन्हा खेळला नाही. यांना त्याची जागा मिळाली, टिकवता आली नाही. मग युरोपातला एक लहानसा संघ, डच बायको, झूटरमेर. वॉल्टरला भेटायला इस्पितळात ते एकदाही गेले नव्हते.

मागच्या वसंतात ते अमेरिकेला जाऊन आले, हे सगळं वॉल्टरला तोंडावर सांगायला. परतल्यावर मी विचारलं, "सांगितलंत?"

"त्यानं दारातच मिठी मारली. नातवंडांना म्हणाला, इस्पितळात सगळ्यांच्या आधी आला तो हाच, रात्रभर उशाशी बसून होता." मग म्हणाले, "तो दुसरा कोणीतरी होता. वॉल्टर मला तो समजतोय. मी गप्प बसलो."

"मग फोन करून सांगून टाका. विषय संपेल."

"माझा संपेल. त्याची जागा तर मी घेतलीच. आता तो रात्रभर बसलेला मित्रही काढून घेऊ?"

पानगळीत ते युट्रेख्टला मुलीकडे राहायला गेले. खोकी मीच बांधून दिली. मुलगी सांगते, वॉल्टर हल्ली दर रविवारी फोन करतो, आणि बाबा उचलतात.