टायर दाजींचे, स्प्रिंगा रोहितच्या

आमच्या घरातला वाद माझ्यापर्यंत आला नाही असं होत नाही, आणि माझ्यापर्यंत आलेला वाद मिटला असं अजून झालेलं नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. तह कसे होतात ते मला तोंडपाठ आहे. (ते मोडतात कसे, हा भाग दुसऱ्या सत्रात येतो.)

माझा भाचा रोहित याने मध्यंतरी जुन्यातली, लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेतली. मागे दोन सीटा आहेत. माणसाला पाय असतात ही बातमी मात्र गाडी बनवणाऱ्यापर्यंत उशिरा पोचली असावी. आता रोहितला तिची चाकं बदलायची होती. मोठे अलॉय, त्यांवर पापडासारखे पातळ टायर आणि गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून आखूड स्प्रिंगा.

रोहितचे वडील म्हणजे आमचे दाजी. फुलंब्रीकडची शेती, देह भरभक्कम, मतं त्याहून. रोहितने फोनवर दाखवलेला फोटो पाहून ते म्हणाले, "टायर म्हणल्यावर टायर दिसाया पायजे. हे तर रिमला डांबर फासल्यावानी दिसतंय."

"पप्पा, ही स्पोर्ट्स कारय. ट्रॅक्टर नाय."

"ट्रॅक्टर कधी खड्ड्यात अडकलेला बघितला का तू?"

दोघांनी अबोला धरला आणि ताईने मला बोलावून घेतलं. घाई होती, कारण रविवारी खुलताबादला रोहितच्या लग्नाची सुपारी फोडायला जायचं होतं. सायली आणि रोहित एकाच कंपनीत. त्यांचं जमलेलंच होतं. अजून कुरकुरत होते ते तिचे वडील आप्पा. पेरूच्या बागा असलेला तोलून बोलणारा माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच, की दोन दारांची गाडी घेणारा पोरगा घरच्यांचा विचार करणारा नसतो. त्यावर दाजींनी ठरवलं, "त्याच गाडीत सगळ्यांना बसवून नेऊ. सोयऱ्याचा गैरसमज तरी निघंल."

मी अभ्यासाला बसलो. टायरवर जो आकडा असतो त्यात रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि रिम इंचात असते. एकाच ओळीत तीन राजवटींची मापं. आमच्या शहराला हे नवीन नाही. दोन दिवस वाचून मी निवाडा दिला. स्प्रिंगा रोहितच्या, आखूड. टायर दाजींचे, रुंद आणि उंच. कोणाचंच मन मोडलं नाही. ताईने मला दुसऱ्यांदा चहा दिला, जो आमच्याकडे फक्त व्याह्यांना मिळतो.

मुकुंदवाडीच्या दुकानदाराने गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "दोनों एकदम?"

"हो. तसंच ठरलंय."

"बिठा देते सर. टेन्शन नक्को."

आणि चाकं बसली! रिकामी गाडी उभी असताना तर फारच देखणी दिसत होती. माझी गफलत इतकीच, की गाडीत माणसं बसणार हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

रविवारी रोहितशेजारी दाजी, मागे घडी घालून ताई आणि मी. छावणीतल्या पहिल्याच गतिरोधकावर खालून असा आवाज आला की जणू कोणी पत्र्यावर नारळ किसतंय. टायर मडगार्डला घासत होते. जळक्या रबराचा वास आला.

"मामा, वजन कमी करावं लागंल," रोहित म्हणाला.

वजन म्हणजे आम्ही. पण मागे दार नाही. म्हणून आधी दाजींनी उतरायचं, मग सीट पुढे पाडायची, मग मी डोक्याकडून बाहेर यायचं आणि मला धरून ताईने. गतिरोधक ओलांडला की हाच सोहळा उलट क्रमाने. दौलताबाद येईपर्यंत आम्ही यात इतके तरबेज झालो, की घाटात परत बसण्याचा नाद सोडून बराचसा रस्ता पायीच चढलो.

एक मोटरसायकलवाला थांबला. "काका, धक्का मारू का?"

"गाडी चालूय," दाजी म्हणाले.

"मग तुमी का पायी?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी देवगिरीच्या तटबंदीकडे पाहिलं.

आप्पांच्या गल्लीत आम्ही शिरलो ते असे: पुढे रिकामी लाल गाडी, मागे कडक इस्त्रीतले दाजी, साडी-नारळाचं ताट घेतलेली ताई आणि पेढ्यांसकट मी. आप्पा दारातच उभे होते.

"गाडीत जागा नव्हती व्हय?"

"जागाय," ताई म्हणाली, "वजन चालत नाय."

आप्पांनी गाडीभोवती सावकाश चक्कर मारली. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट घालून पाहिलं. ते गेलं नाही.

"टायर कुणाच्या पसंतीचे?"

"माझ्या," दाजी.

"आन् स्प्रिंगा?"

"माझ्या," रोहित.

"दोन्ही एकदम लावा म्हणून कुणी सांगितलं?"

ताईने ताट सावरत कोपराने माझ्याकडे खूण केली. "ह्यो. माझा भाऊ."

आप्पांनी मला नखशिखांत न्याहाळलं. दारामागे सायलीचा चेहरा उतरला. सोयरीक मोडली तर ती चार स्प्रिंगांपायी आणि माझ्या हस्ते, हे मला स्पष्ट दिसू लागलं.

तेवढ्यात रोहित हळूच म्हणाला, "आप्पा, टायर घासणार हे मला ठावं होतं. पण पप्पांना नाय म्हणलो असतो तर ते आज आलेच नसते."

"मग सांगायचं ना येड्या," दाजी म्हणाले. "मला बी तसंच वाटत होतं. म्हणलं, पोराचा हिरमोड कशाला. आन् मामा लई वाचून आलेले."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून.

आप्पा पहिल्यांदा हसले. "आपली एवढी आवडती गाडी बापासाठी घासू दिली पोरानं. या, आत या." सुपारी फुटली. सायलीनेच मला पाणी आणून दिलं. हसू दाबण्याचा प्रयत्न तिने केला, नाही असं नाही.

मग लग्न कुठे करायचं यावर गाडी आली. आप्पांना खुलताबादच हवं, दाजींना शहरातलं मंगल कार्यालय. आवाज चढायला लागले तसा मी घसा खाकरला. "मी एक सुचवू का?"

"मामा," आप्पा फार आदराने म्हणाले, "मंगलाष्टकांना मागं उभं राहायचा मान तुमचाच. तेवढा घ्या."

मी तो घेतला आहे. नेमकं कुठे उभं राहायचं, ते दोन्ही बाजू आपसांत ठरवून मला कळवणार आहेत.