काटा लाल रेघेवर
गाडीच्या इंजिनातल्या कूलंटचा तो गोडसर वास कुठे आला की मला अजून स्वतःचाच राग येतो. मुलीची बारावीची परीक्षा होती, केंद्र नाशिक रोडला. पंचवटीतून निघून पाच मिनिटं झाली नसतील, तोच तापमानाचा काटा सरळ लाल रेघेवर गेला. महिन्यातली चौथी वेळ! मेकॅनिकने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग पाण्याचा पंप, आणि दरवेळी "आता काही होणार नाही साहेब" म्हणाला. द्वारका चौकाच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली. मागे हॉर्नचा कलकलाट, वर ऊन. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं तर ती काठोकाठ भरलेली. मुलीने इंजिनजवळ हात नेला. "बाबा, हे एवढं तापलेलंच नाही हो. काटाच चुकीचं दाखवतोय." "तू तुझं पुस्तक बघ, गाडीतलं मला कळतं," मी खेकसलो. तिने पुस्तक मिटलं. रिक्षा थांबवून एकटीच निघून गेली. दुसऱ्या सकाळी मेकॅनिकने रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची नुसती चावी फिरवली, तरी काटा लालच. त्याने तापमानाच्या सेन्सरची वायर काढली, तसा काटा झटकन खाली आला. "इंजिन ठणठणीत आहे साहेब, सेन्सर गेलाय." सुदैवाने तिला पेपर बरा गेला होता. तरी तिची माफी मागायला मला तीन दिवस लागले, आणि तेव्हाही सुरुवात मेकॅनिकला शिव्या देऊनच केली. आता ती स्वतः गाडी चालवते. काही बिघडलं तर मेकॅनिकला फोन करते, मला नाही.